गाण्याचा भाव, गाणाऱ्याचा वाटा

२८ एप्रिल २००३ रोजी अ‍ॅपल कंपनीने अमेरिकेत आयट्यून्स म्युझिक स्टोअर सुरू केलं आणि एका गाण्याचा भाव ठरवला : ९९ सेंट. बरोबर वीस वर्षांनी, २८ एप्रिल २०२३ रोजी, मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती मनीष पितळे यांनी एक अंतरिम आदेश दिला. दावा लावला होता गीतकार-संगीतकारांच्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीने, म्हणजे आयपीआरएसने. समोर होती जयपूरची राजस्थान पत्रिका. वर्तमानपत्राच्या जोडीने ही कंपनी रेडिओही चालवते. त्याच आदेशात दुसरा दावा म्युझिक ब्रॉडकास्ट या रेडिओ कंपनीविरुद्धचा होता. प्रश्न असा होता : रेडिओवर एखादं गाणं वाजलं, तर ध्वनिमुद्रणाची मालक असलेल्या कंपनीला पैसे दिले की काम भागतं, की ज्याने शब्द लिहिले आणि ज्याने चाल बांधली त्यांनाही वेगळे द्यावे लागतात? न्यायालयाने प्रथमदर्शनी कौल दिला : त्यांनाही द्यावे लागतात.

दोन्ही घटना एकाच तारखेला घडल्या हा योगायोग. पण डिजिटल संगीताच्या धंद्याची सगळी गोष्ट या दोन घटनांच्या मध्ये बसते. पहिल्या दिवशी गाण्याचा भाव ठरला. दुसऱ्या दिवशी त्या भावातला वाटा कुणाचा, यावर न्यायालयाने बोट ठेवलं. गेली वीस-पंचवीस वर्षं आपण भावाबद्दल पुष्कळ बोललो : गाणं बारा रुपयांना घ्यावं की फुकट मिळवावं, वर्गणी महाग की स्वस्त. वाट्याबद्दल फार थोडं बोललो. कलावंत अडतो तो वाट्यापाशी.

ही गोष्ट जयपूरच्या वाटेने सांगावी असं वाटतं. एक तर तो खटला. दुसरं, राजस्थानचं लोकसंगीत आज सिनेमात, जाहिरातींत, लग्नांत आणि मोबाइलवर सगळीकडे वाजतं आणि त्याचा बाजार जयपुरात भरतो. आणि तिसरं, मराठी माणसाला जयपूर हे नाव हवामहालाइतकंच एका गायकीमुळे ठाऊक आहे.

जयपूरची गायकी आणि तीन मिनिटांची रेकॉर्ड

उस्ताद अल्लादिया खाँ १८५५ साली जयपूर संस्थानातल्या उनियाऱ्यात जन्मले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापूर दरबारी आणलं आणि जयपूर-अत्रौली घराण्याचं बिऱ्हाड कायमचं महाराष्ट्रात आलं. मंजी खाँ, भुर्जी खाँ, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, मल्लिकार्जुन मन्सूर, पुढे किशोरी आमोणकर : या परंपरेतली मोठी नावं महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटकाच्या मातीत वाढली.

१९०२च्या नोव्हेंबरात कोलकात्यात फ्रेड गैसबर्गने गौहर जानचा आवाज मुद्रित केला आणि भारतात गाण्याची रेकॉर्ड विकली जाऊ लागली. त्यानंतर चव्वेचाळीस वर्षं अल्लादिया खाँ हयात होते. १९४६ साली मुंबईत त्यांचं निधन झालं, आणि बाजारात विकली गेलेली त्यांची एकही रेकॉर्ड नाही. गुरूने शिष्याला समोर बसवून द्यायची विद्या दुकानात कुणीही विकत घ्यावी, हे त्या पिढीतल्या अनेक उस्तादांना मान्य नव्हतं. त्यांच्या दृष्टीने गाणं ही घराण्याची मिळकत होती, आणि ती कुणाला द्यायची याचा हक्क त्यांनी स्वतःपाशी ठेवला. कागदावर एक अक्षर न लिहिता राखलेला तो हक्कच होता.

केसरबाईंनी रेकॉर्डी दिल्या, पण मोजक्या. त्यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांसोबत गेलेल्या सोनेरी तबकडीवर आहे. साडेतीन मिनिटांच्या आतबाहेरचा तो आवाज आज सूर्याच्या प्रभावक्षेत्रापलीकडे गेला आहे. व्हॉयेजर-१ निघालं ५ सप्टेंबर १९७७ला, आणि त्याच महिन्याच्या १६ तारखेला केसरबाई गेल्या.

रेकॉर्डच्या जमान्यात दोनच हिशेब असत. एक ठोक रक्कम : गा, पैसे घ्या, विषय संपला. दुसरा रॉयल्टीचा : जितक्या प्रती विकल्या जातील, तितका ठरलेला हिस्सा. दुसरा हिशेब मिळवायला नाव मोठं लागायचं, आणि नाव मोठं असूनही भांडावं लागायचं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पार्श्वगायकांनाही रॉयल्टी मिळावी म्हणून लता मंगेशकर उभ्या राहिल्या. मोहम्मद रफींचं मत होतं की गाण्याचं मानधन घेतलं की गायकाचा हक्क संपला. या मतभेदापायी दोघं काही वर्षं एकत्र गायलेच नाहीत. पुष्कळांना ती दोन मोठ्या कलावंतांमधली रुसवाफुगवी वाटते. खरं तर हिंदी सिनेसंगीतातला वाट्याचा तो पहिला मोठा जाहीर वाद होता, आणि त्यात लताबाईंची बाजू बरोबर होती. कायद्याला तिथवर यायला पुढे जवळजवळ पन्नास वर्षं लागली.

कॅसेटने दार उघडलं

रेकॉर्डचा कारखाना मोठं भांडवल मागायचा. कॅसेटचं तसं नव्हतं. मुद्रणाची एक खोली, कॅसेटवरून कॅसेट काढणारी यंत्रं आणि वितरणाची माणसं, एवढ्यावर प्रादेशिक भाषेतली कंपनी उभी राहू शकायची. त्यात १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात एक वाट होती : मूळ गाणं बाजारात येऊन ठरावीक मुदत लोटली, की नोटीस आणि रॉयल्टी देऊन तेच गाणं दुसऱ्या आवाजात मुद्रित करता यायचं. टी-सीरिजने जुन्या सिनेगाण्यांच्या नव्या आवाजातल्या कॅसेटी काढून याच वाटेने बाजार जिंकला. गाण्याची किंमत निम्म्याने-पाऊणाने उतरली आणि संगीत खेड्यापाड्यांत पोहोचलं.

जयपुरात के. सी. मालू यांच्या वीणा कॅसेटने हेच काम राजस्थानी गाण्यासाठी केलं. सीमा मिश्रांच्या आवाजातला ‘घूमर’ घराघरांत पोहोचला तो या कॅसेटींमधून. गणगौर, तीज, लग्नातली बन्ना-बन्नीची गाणी असं आकाशवाणीच्या ठरावीक वेळांपलीकडे कुठे ऐकू न येणारं भांडार पहिल्यांदाच दुकानात विकत मिळू लागलं. मराठीत शाहिरी, भीमगीतं, कोळीगीतं आणि भक्तिगीतांच्या कॅसेटींनी जे केलं, तेच राजस्थानात घडत होतं. प्रादेशिक संगीताचा बाजार उभा करण्याचं श्रेय या छोट्या कंपन्यांना निःसंकोच द्यायला हवं.

पण याच काळात हिशेबातली एक खोट देशभर रुळली. सिनेगाण्याला निदान नावानिशी गीतकार आणि संगीतकार असतो. लोकगीताच्या कॅसेटीवर तिथे ‘पारंपरिक’ असं छापलं जायचं. शब्दांसाठी कुणाला देणं नाही, चालीसाठी कुणाला देणं नाही. गाणाऱ्याला मुद्रणाच्या दिवसाचे ठोक पैसे द्यायचे आणि एका कागदावर सही घ्यायची. बहुतेक गायकांनी तो कागद वाचला नाही, कारण त्यात ‘आज आणि यापुढे येणारी सर्व माध्यमं’ अशा अर्थाचं एक वाक्य असतं, याचं महत्त्व तेव्हा कुणालाच उमगलेलं नव्हतं. इंटरनेट आलं तेव्हा त्या एका वाक्याची किंमत कळली.

बारा रुपयांचं गाणं

आता डाउनलोडच्या धंद्याकडे येऊ. अमेरिकेतल्या ९९ सेंटांची वाटणी ढोबळमानाने अशी होती : तीसेक सेंट दुकानाचे, म्हणजे अ‍ॅपलचे, सत्तरेक सेंट संगीत कंपनीचे. त्या सत्तरातून शब्द आणि चाल यांच्या मालकांना प्रत्येक डाउनलोडमागे ९.१ सेंट द्यायचे. हा आकडा कंपनीच्या मर्जीवर नव्हता, तिथल्या कायद्याने ठरवलेला होता. २०२३पासून तो १२ सेंट झाला आणि महागाईनुसार वाढेल अशी सोय झाली. गायकाचा हिस्सा उरलेल्यातून, त्याच्या-त्याच्या कराराप्रमाणे. २००९ साली अ‍ॅपलने एकच भाव सोडून ६९ सेंट, ९९ सेंट आणि १ डॉलर २९ सेंट असे तीन भाव केले, तरी लेखक-संगीतकाराचा दर तोच राहिला. गाणं स्वस्त विकायचं ठरवलं, तर झळ दुकानाने आणि कंपनीने सोसायची. ज्याने गाणं रचलं त्याने नाही. या व्यवस्थेतली ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट होती.

भारतात फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२मध्ये फ्लाइट नावाचं गाण्यांचं दुकान उघडलं. गाणी सहा रुपयांपासून होती. आयट्यून्स इथे आलं डिसेंबर २०१२मध्ये. तिथे गाणं सात, बारा किंवा पंधरा रुपयांना. भाव वाजवी होता, चहा-वड्याच्या दरातला. तरीही जून २०१३मध्ये फ्लाइट बंद पडलं. चोरीची गाणी जागोजाग फुकट मिळत होती, आणि सहा-बारा रुपयांची रक्कम क्रेडिट कार्डाने वसूल करणं परवडत नव्हतं. यूपीआय यायला अजून तीन वर्षं अवकाश होता. आज रस्त्यावरचा भाजीवाला दहा रुपये मोबाइलवर सहज घेतो. ती सोय तेव्हा असती, तर भारतात गाणं विकत घेण्याची सवय कदाचित रुजलीही असती.

डाउनलोडचा खरा धंदा तेव्हा चालत होता मोबाइलच्या दुकानांत. जयपूरच्या बापू बाजाराच्या आसपास असो की आपल्याकडच्या एखाद्या एसटी स्टँडसमोर, दृश्य एकच. काउंटरवर रिचार्जची कुपनं, मागे एक जुना संगणक, त्याला लोंबकळणारा कार्ड रीडर आणि काचेवर चिकटवलेला कागद : ‘डाउनलोडिंग करून मिळेल.’ गिऱ्हाइकाने मेमरी कार्ड काढून द्यायचं, दुकानदाराने विचारायचं, ‘जुनी की नवी? भक्तिगीतं टाकू का?’ आणि वीस-पंचवीस रुपयांत दोन जीबीचं कार्ड शेकडो गाण्यांनी भरून हातात ठेवायचं. गाण्यामागे जेमतेम काही पैसे पडत. गिऱ्हाईक मात्र पैसे देतच होतं, हे लक्षात घ्यायला हवं. आपले लोक गाण्याला पैसे देत नाहीत, हा समज म्हणूनच अपुरा आहे. पैसे दिले जात होते. ते गाणाऱ्याकडे जाणारी वाट बांधलेली नव्हती.

दुसरीकडे मोबाइल कंपन्यांच्या कॉलर ट्यूनला महिन्याला तीसेक रुपये बिलातून सहज कापले जात. गाण्याचा तीस सेकंदांचा तुकडा महिनाभरासाठी अख्ख्या गाण्याच्या दुपटीने महाग, आणि तोही चोरता न येणारा. त्या काळी भारतातल्या संगीत कंपन्यांना कॉलर ट्यूनने मोठा आधार दिला. पण वसुलीची पेटी मोबाइल कंपनीच्या हातात असल्याने मोठा हिस्सा तिथेच राहायचा.

आता पंधरा रुपयांच्या गाण्याचा हिशेब मांडून पाहू. दुकानाचा वाटा तीस टक्के धरला तर साडेचार रुपये गेले. साडेदहा रुपये संगीत कंपनीकडे आले. अमेरिकेसारखा कायद्याने ठरवलेला दर डाउनलोडसाठी आपल्याकडे नव्हता. २०१२च्या आधीच्या करारांत गीतकार-संगीतकार बहुधा सगळे हक्क निर्मात्याला विकून मोकळे झालेले असत आणि निर्माता ते कंपनीला विकायचा. म्हणून त्या साडेदहा रुपयांतून शब्द लिहिणाऱ्याला किती, याचं उत्तर बहुतेक वेळा शून्य असं यायचं. गाणं पंधराऐवजी पन्नास रुपयांना विकलं असतं, तरी शून्य ते शून्यच. वाटा आधी ठरला नसेल, तर भाव वाढवून कलावंताच्या पदरात काही पडत नाही.

पस्तीस वर्षांची कायद्याची वाट

हे शून्य आलं कुठून? १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने आयपीआरएस विरुद्ध ईस्टर्न इंडियन मोशन पिक्चर्स असोसिएशन या खटल्यात निर्णय दिला, की निर्मात्याने पैसे देऊन गीत-संगीत करून घेतलं आणि वेगळा करार नसला, तर त्यावर हक्क निर्मात्याचा. त्याच निकालाला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक स्वतंत्र टिपण जोडलं. गाणं ज्याच्या गळ्यातून जिवंत होतं त्या गायकाला भारतीय कायदा काहीच देत नाही, याची खंत त्यांनी त्यात व्यक्त केली आणि संसदेने यात लक्ष घालावं असं सुचवलं.

संसदेने आधी १९९४ साली गायक-वादकांचा हक्क कायद्यात आणला. मोठा बदल झाला २०१२मध्ये. राज्यसभेचे सदस्य असलेल्या जावेद अख्तर यांनी त्याची बाजू सभागृहात मांडली. दुरुस्ती मे महिन्यात दोन्ही सभागृहांत मंजूर झाली आणि २१ जून २०१२पासून अमलात आली. तिचं सार असं : चित्रपटगृहात सिनेमासोबत वाजणं सोडून इतर कुठल्याही वापरासाठी शब्द आणि चाल यांच्यापोटी जी रॉयल्टी येईल, तिच्यात गीतकार आणि संगीतकाराचा समान वाटा राहील. हा वाटा त्यांना विकता येणार नाही आणि सोडूनही देता येणार नाही. पोटाची अडचण दाखवून सही घेतली, तरी ती सही या वाट्यापुरती कुचकामी. गायक-वादकांनाही व्यापारी वापरातल्या रॉयल्टीचा हक्क मिळाला आणि पुढच्याच वर्षी गायकांची संघटना उभी राहिली. आज ती इसम्रा या नावाने ओळखली जाते.

कायदा झाला, तरी वाद संपले नाहीत. डाउनलोडचा मोठा खटला लढला गेला मुंबईत : टिप्स ही संगीत कंपनी विरुद्ध एअरटेलचं विंक अ‍ॅप. परवान्याची मुदत संपली, नव्या दरावर एकमत होईना. मग विंकने सांगितलं, की २०१२च्या दुरुस्तीतलं ३१-ड कलम प्रसारकांना मालकाच्या परवानगीविना, सरकारी दराने गाणी वाजवू देतं, आम्हीही प्रसारकच. २३ एप्रिल २०१९ रोजी न्यायमूर्ती एस. जे. काथावाला यांनी ते अमान्य केलं. ते कलम रेडिओ आणि दूरचित्रवाणीसाठी आहे, इंटरनेटसाठी नाही. आणि ग्राहक गाणं मोबाइलवर उतरवून हवं तेव्हा ऐकतो, तेव्हा ते प्रसारण राहत नाही. तो विक्रीचा किंवा भाड्याने देण्याचा व्यवहार होतो. ऑक्टोबर २०२२मध्ये खंडपीठाने निर्णय कायम ठेवला. म्हणजे डाउनलोडचा भाव सरकारने ठरवायचा नाही, मालक आणि दुकान यांनी बोलणी करून ठरवायचा.

या निकालाने मालकांची बाजू भक्कम झाली. पण मालक म्हणजे कंपनी. कंपनीच्या मागे उभ्या असलेल्या लेखक-संगीतकारांचं काय, याचं उत्तर देण्याचं काम जयपूरच्या खटल्याने केलं. रेडिओ कंपन्यांचं म्हणणं साधं होतं : आम्ही ध्वनिमुद्रणाचा परवाना घेतला आहे, गाणं त्यात सामावलेलंच आहे, एकाच गाण्याचे दोनदा पैसे का? जुन्या निकालांचा आधारही त्यांच्यापाशी होता. न्यायमूर्ती पितळे यांनी २०१२ची दुरुस्ती समोर ठेवून सांगितलं, की संसदेने लेखक-संगीतकारांना स्वतंत्र रॉयल्टी द्यायची म्हणूनच तर ही कलमं घातली. जुन्या निकालांच्या आधाराने ती निष्फळ करता येणार नाहीत. रेडिओला त्रास द्यावा असा या आदेशाचा हेतू नव्हता. जयपूर, कोटा, उदयपूरच्या श्रोत्यांना ऐकू येणाऱ्या गाण्यामागे मुंबईतल्या एखाद्या चाळीत शब्द लिहिणारा माणूस असतो, आणि तो या हिशेबात धरला गेला पाहिजे, एवढंच त्याने ठरवलं.

ज्याचं नाव नाही, त्याचं काय?

एवढा कायदा झाला, तरी जयपूरच्या वाटेवरचा सर्वांत अवघड प्रश्न उरतोच. आमेरच्या किल्ल्याच्या चढावर रावणहत्था घेऊन भोपे नावाचे लोकगायक बसतात. नारळाच्या करवंटीचं पोट, त्यावर ताणलेलं कातडं, बांबूची दांडी आणि घुंगरं बांधलेला गज. गज ओढला की सूर आणि ताल एकाच हातातून निघतो. पर्यटक थांबतात, मोबाइल समोर धरतात, चित्रफीत काढतात. काही जण दहा-वीस रुपये ठेवतात. ती चित्रफीत पुढे लाखोंनी पाहिली, त्यावर जाहिराती लागल्या, त्यातली धून कुणी आपल्या गाण्यात वापरली, तर भोप्याकडे एक पैसा परत येत नाही. त्याचं नावही कुठे येत नाही.

पश्चिम राजस्थानातल्या लंगा आणि मांगणियार कलावंतांची व्यवस्था पूर्वी वेगळी होती. यजमानांची घरं ठरलेली असत. जन्म, लग्न, मरण अशा प्रसंगी गायचं आणि यजमानाने नेग (मानाची भेट) द्यायचा, धान्य द्यायचं, गुरं द्यायची. तो त्यांचा वाटा, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या कुणी नाकारला नाही. कोमल कोठारी आणि विजयदान देथा यांनी १९६०मध्ये बोरुंद्यात रूपायन संस्थान स्थापलं. कोठारींनी ही गाणी मुद्रित केली आणि कलावंतांना जगासमोर आणलं. हमीरा गावच्या साकर खाँना कमायचा वादनासाठी २०१२मध्ये पद्मश्री मिळाली. यजमान विरळ झाले, त्यांची जागा महोत्सव, हॉटेलं आणि जयपूर-उदयपूरच्या थाटामाटाच्या लग्नांनी घेतली. मानधन मिळतं; पण ते त्या रात्रीपुरतं.

‘निंबूडा’ हे मांगणियारांच्या तोंडी असलेलं लोकगीत. १९९९मध्ये ‘हम दिल दे चुके सनम’मधून ते देशभर गाजलं. कायद्याच्या दृष्टीने यात चूक काही नाही : लोकगीतावर कुणा एकाची मालकी नसते, ते कुणीही घ्यावं. पण एकदा सिनेमासाठी नव्याने बांधलं, की त्या बांधणीला मालक मिळतो, आणि त्याच्या प्रत्येक डाउनलोडचा, प्रत्येक कॉलर ट्यूनचा हिशेब सुरू होतो. शेकडो वर्षं ज्यांनी ते जिवंत ठेवलं, ती माणसं त्या हिशेबात नसतात.

कधी कधी तर ‘पारंपरिक’ या शिक्क्याखाली जिवंत माणूस झाकला जातो. बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातल्या रतन कहार यांनी १९७०च्या दशकात रचलेलं गाणं लोकांच्या तोंडी इतकं रुळलं, की ते लोकगीतच समजलं जाऊ लागलं. २०२०मध्ये त्यातल्या ओळी ‘गेंदा फूल’ या लोकप्रिय गाण्यात आल्या आणि श्रेय दिलं गेलं लोकसंगीताला. लोकांनी आवाज उठवल्यावर गायक बादशाह यांनी कहार यांना पाच लाख रुपये दिले. २०२४मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. रक्कम मिळाली ती माणुसकीने. हक्काने मिळाली असती, तर दर तिमाहीला मिळत राहिली असती.

रचणाऱ्याचं नाव जपणं आपल्या परंपरेला नवं नाही. तुकोबा असोत की वामनदादा कर्डक, रचनेच्या शेवटच्या चरणात नाव गुंफलेलं असतं. गाणं कुठेही गेलं, कुणीही म्हटलं, तरी रचणारा सोबत जातो. डिजिटल जगात हेच काम करतो आयएसआरसी नावाचा बारा खुणांचा क्रमांक : आधी देशाची दोन अक्षरं, मग नोंदणी करणाऱ्याच्या तीन खुणा, मग वर्षाचे दोन आकडे आणि शेवटी पाच आकडी अनुक्रमांक. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला तो वेगळा असतो. जगात कुठेही ते गाणं उतरवलं वा ऐकलं गेलं, की त्या क्रमांकापुढे रक्कम जमा होते. क्रमांकाच्या नोंदीत गायकाचं नाव नसेल, वादकाचं नसेल, गीतकाराच्या जागी ‘पारंपरिक’ लिहिलेलं असेल, तर रक्कम तिथवर येऊन थांबते.

त्यात डाउनलोडची जागा आता ऐकण्याच्या वर्गणीने घेतली आहे. तिथे गाण्याला स्वतःचा भाव उरलेला नाही. महिन्याची सगळी वर्गणी आणि जाहिरातींचं उत्पन्न एकत्र करायचं आणि कुठलं गाणं एकूण किती वेळा वाजलं त्या प्रमाणात वाटायचं. तुम्ही महिनाभर फक्त कमायचा ऐकलात, तरी तुमच्या पैशांतला बराच भाग ज्याची गाणी सर्वांत जास्त वाजली त्याच्याकडे जातो. स्पॉटिफायने २०२४पासून नियम केला, की वर्षभरात एक हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचा मोबदला द्यायचा नाही. एखाद्या दुर्मिळ राजस्थानी मांड-गीताचं, एखाद्या जुन्या लावणीचं किंवा वासुदेवाच्या गाण्याचं मुद्रण हजाराचा आकडा कधी गाठणार? डाउनलोडमध्ये दहा माणसांनी गाणं विकत घेतलं, तर दहांचे पैसे नक्की मिळायचे. थोड्या पण जिव्हाळ्याच्या श्रोत्यांवर जगणाऱ्या संगीतासाठी तो जुना धंदा अधिक न्याय्य होता, असं माझं स्पष्ट मत आहे. बँडकॅम्पसारखी दुकानं आजही त्याच रीतीने चालतात : भाव कलावंताने ठरवायचा, डाउनलोडवर दुकानाने पंधरा टक्के घ्यायचे, बाकीचे कलावंताकडे. दिल्लीच्या अमारास या छोट्या कंपनीने साकर खाँ, लाखा खाँ यांच्या घरी जाऊन मुद्रण केलं, त्यांच्या नावाने ध्वनिमुद्रिका काढल्या. मोठ्या बाजाराशिवायही वाट आहे, याचा हा पुरावा.

नोंद करा, वाचा, विकत घ्या

हा प्रश्न राजस्थानपुरता नाही. महाराष्ट्रात गोंधळी आहेत, पोतराज आहेत, भारुड करणारे आहेत, तमाशाच्या फडांतले ढोलकीवाले आहेत, भीमगीतं रचणारे शाहीर आहेत. त्यांची गाणी मालिकांत, सिनेमांत, डीजेच्या भिंतींवर वाजतात. त्यांनी काय करावं, हे आता सांगता येतं, कारण कायदा आता त्यांच्या बाजूने आहे.

शब्द किंवा चाल स्वतःची असेल, तर आयपीआरएसचं सभासद व्हावं आणि प्रत्येक गाण्याची नोंद करावी. गाणं पारंपरिक असेल, तरी गायक-वादक म्हणून आपला हक्क आहे. इसम्राकडे नाव नोंदवावं. मुद्रणाच्या वेळी आयएसआरसी क्रमांक मागावा आणि त्यातल्या नोंदीत सगळ्या वादकांची नावं लिहून घ्यावीत. करारात ‘सर्व माध्यमं, कायमचं’ असं दिसलं, तर सही करण्याआधी एखाद्या वकिलाला दाखवावं. हे कागदाचं काम कलावंताला जड जातं. म्हणून ज्या गावात लोककलेचा महोत्सव भरतो, त्या गावातल्या महाविद्यालयाने, ग्रंथालयाने किंवा मंडळाने नोंदणीची एक मदत-खिडकी चालवावी. मंडप आणि ध्वनिक्षेपक यांच्या खर्चापुढे तिचा खर्च काहीच नाही.

‘पारंपरिक’ म्हणून वापरलेल्या गाण्याच्या श्रेयात ते ज्या समाजाचं आणि ज्या प्रदेशाचं, त्याचं नाव लिहिणं सक्तीचं व्हावं, आणि त्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा त्या समाजातल्या कलावंतांच्या निधीत जावा. यासाठी कायद्यात आणखी एक दुरुस्ती लागेल. १९७७ ते २०१२ एवढा काळ पुन्हा लावू नये, ही महाराष्ट्रातल्या आणि राजस्थानातल्या लोकप्रतिनिधींना विनंती आहे.

राहता राहिलो आपण, ऐकणारे. महिन्याची वर्गणी भरून आपलं कर्तव्य झालं, असं मानू नये. वर्षात चार-पाच ध्वनिमुद्रिका तरी थेट कलावंताकडून किंवा त्याच्या नावाने हिशेब ठेवणाऱ्या छोट्या कंपनीकडून विकत घ्याव्यात. कार्यक्रमाची चित्रफीत टाकताना गाणाऱ्याचं आणि वाजवणाऱ्याचं पूर्ण नाव लिहावं. बारा रुपयांचं गाणं आपल्याला कधीच महाग नव्हतं. त्या बारा रुपयांतला वाटा ज्याचा त्याला पोहोचतो की नाही, हे विचारणं आपलं काम आहे, आणि यापुढे ते आपण विचारलं पाहिजे.